टूसॉनचे रस्ते आणि पावसाचे पाणी

पाण्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे धरणांचा आणि कालव्यांचा सांगावयाचा, अशी एक रूढी पडून गेली आहे. गटाराचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही ज्या शहराची हकीकत श्रोत्यांपुढे मांडणार आहोत, त्या शहराच्या नशिबाचा बराचसा भाग मात्र रस्त्याच्या कडेच्या एका वीतभर उंचीच्या काँक्रीटच्या पट्टीशी बांधलेला आहे. ही पट्टी घालण्यामागे विचार कोणता होता, ती फोडली कोणी, आणि जे फोडणे एके काळी गुन्हा होता तेच पुढे शहराचे धोरण कसे झाले, एवढाच आमचा विषय. पण तो समजण्यासाठी थोडे मागे, म्हणजे तीन-चार हजार वर्षे मागे, जावे लागेल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ॲरिझोना ह्या संस्थानाच्या दक्षिण भागात, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, टूसॉन शहर वसलेले आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ५,४२,६२९ भरली. भोवतालच्या प्रदेशाला सोनोराचे वाळवंट म्हणतात. वाळवंट म्हटल्यावर श्रोत्यांनी नुसत्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे आणू नयेत. तेथे काटेरी झाडे आहेत, पाच-सहा पुरुष उंचीचे सग्वारो निवडुंग आहेत, आणि वर्षाकाठी सुमारे २८ सेंटिमीटर पाऊसही आहे. आपल्याकडे सोलापुराच्या बाजूला दुष्काळी म्हणून ज्या तालुक्यांचे नाव घेतले जाते, तेथे पडतो त्याच्या जवळजवळ निम्मा. त्यातलाही सुमारे अर्धा भाग जुलै ते सप्टेंबर ह्या अडीच-तीन महिन्यांत कोसळतो. ह्या पावसाला तेथील लोक ‘मान्सून’ असेच म्हणतात. अरबीतील ‘मौसिम’ हा शब्द आपल्याकडे ‘मोसम’ होऊन राहिला आणि तिकडे पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून फिरत फिरत ‘मान्सून’ होऊन पोचला, भावंडेच ती. आपण मृगाकडे डोळे लावून बसतो, तसे टूसॉनचे जुने मेक्सिकन रहिवासी जूनच्या २४ तारखेस येणाऱ्या संत योहानाच्या सणाकडे लावून बसतात. त्यांच्याही पूर्वीचे, म्हणजे तेथील मूळचे ओओधाम लोक, त्याच सुमारास सग्वारोची तांबडी फळे लांब काठ्यांनी पाडतात, त्यांचे मद्य करतात आणि ते समारंभाने पिऊन ढगांना खाली बोलावतात. त्यांचे नवे वर्ष तेथून सुरू होते.

ह्या ओओधामांची शेती फार विचार करण्याजोगी होती. डोंगरातून निघणारा कोरडा ओढा सपाटीवर येऊन जेथे पसरतो, त्या मुखाशी ते पेरणी करीत. पाऊस डोंगरात पडे आणि पाणी गाळासकट शेतात येई. काठ्याकुट्यांचे हलके बांध घालून ते पाणी थोडे आडवावयाचे, थोडे पसरावयाचे, आणि जमिनीत मुरू द्यावयाचे. ओढ्याला वळण लावण्यापलीकडे त्याच्यावर जबरदस्ती नव्हती. सांताक्रूझ नदीच्या काठी तर ह्याहून पुरातन कालव्यांचे अवशेष सापडले आहेत. ते तीन हजार वर्षांहून जुने आहेत, आणि मक्याची शेती त्याच्याही आधीची. आज जेथे मोटारींचे मोठे रस्ते गेले आहेत, त्यांच्याच बांधणीच्या वेळी ह्यांतील काही कालवे उजेडात आले.

पुढे स्पॅनिश आले. १७७५ च्या ऑगस्टात ह्यूगो ओकॉनर ह्या अधिकाऱ्याने येथे लष्करी ठाण्याची जागा मुक्रर केली. नावावरून श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की हा गृहस्थ आयरिश; पोटासाठी स्पेनच्या राजाची चाकरी करीत होता. शहराचे नाव मात्र ओओधामांचेच राहिले. काळ्या डोंगराच्या पायथ्याचे ठिकाण, असा त्याचा अर्थ. स्पॅनिश लोकांनी नदीतून पाट काढले. पाटाला त्यांच्या भाषेत ‘असेकिया’ म्हणतात, आणि हाही शब्द मुळात अरबीच. पाटावर एक पाटकरी असे. ज्याची जमीन पाटाखाली, त्याने हंगामापूर्वी गाळ काढण्यास माणूस दिला पाहिजे, हा दंडक असे. ही गाळाची गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडेच यावयाचे आहे.

१८५४ साली हा मुलूख मेक्सिकोकडून विकत घेतला जाऊन अमेरिकेत आला, १८८० साली आगगाडी आली, आणि पाण्याची ओढाताण सुरू झाली. वरच्या बाजूच्या जमीनमालकांनी आपल्या जमिनी चिनी मळेवाल्यांना खंडाने दिल्या. हे लोक भाजीपाला काढीत, आणि भाजीला गव्हाहून अधिक वेळा पाणी लागते. खालच्या शेतकऱ्यांनी १८८५ साली कोर्टात धाव घेतली आणि ते हरले. सामाईक पाट ज्या समजुतीवर चालत होता ती समजूत अशी मोडली. त्यानंतर जे घडले ते मात्र कोर्टाच्या हातचे नव्हते.

सॅम ह्यूज नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. त्याने १८८७-८८ च्या सुमारास गावाच्या उत्तर बाजूस नदीच्या पात्रात एक चर खणला. हेतू असा की, वाळूखालून वाहणारे पाणी चरात उतरावे आणि खालच्या शेतांना मिळावे. हेतूत वावगे काहीच नव्हते. पण चराच्या वरच्या टोकाला जी मातीची उभी कड राहिली, तिची नीट बांधबंदिस्ती झाली नाही. १८९० च्या ऑगस्टात पूर आले. पाणी त्या कडेवरून धबधब्यासारखे चरात पडू लागले, कड खालून पोखरून कोसळली, मागे सरकली, पुन्हा कोसळली. आपल्याकडे ज्या शेतकऱ्याच्या बांधाशी ओढ्याची घळ दर पावसाळ्यात चार हात पुढे येते, त्याला हा प्रकार सांगावयास नको. टूसॉनला मात्र ती चार हात न येता काही दिवसांत गाव ओलांडून गेली आणि पुढे मैलोगणती वर चढली. उथळ, पसरट, दलदलीची, काठाला झाडी असलेली नदी एका खोल घळीच्या तळाशी जाऊन बसली. पाटांची तोंडे उंचावर लटकत राहिली. ह्या नाशास अतिचराई, दुष्काळ आणि त्या वर्षांतील विलक्षण पाऊस ही कारणेही होतीच, असे अभ्यासक सांगतात, आणि ते खरे आहे. पण घळ जेथून सुरू झाली ती जागा माणसाच्या फावड्याची होती.

नदी खाली गेली म्हणून शहर तिच्या मागोमाग जमिनीत उतरले. पंप आले, विजेचे पंप आले, विहिरी खोल गेल्या. १९४० साली सुमारे ३६ हजार वस्तीचे असलेले गाव १९६० साली, आजूबाजूच्या वसाहती हद्दीत घेऊन, २ लाख १२ हजारांवर गेले. शहराच्या मध्यभागी भूजलाची पातळी कालांतराने ६० मीटरांहून अधिक उतरली. नदीचा उरलासुरला प्रवाह शतकाच्या मध्यापर्यंत आटला. काठची मेस्किट झाडांची राई वाळून सरपण झाली.

ह्याच वाढीच्या वर्षांत टूसॉनचे रस्ते झाले, आणि ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी जमिनीखालून नळ घालणे खर्चाचे काम. ज्या गावात वर्षातून थोडेच दिवस पाऊस पडतो, तेथे हा खर्च कोण करणार? तेव्हा रस्त्यालाच गटार करण्यात आले. काही रस्ते तर मुद्दाम मध्यभागी खोलगट बांधले. घराच्या छपरावरचे पाणी अंगणात, अंगणातले रस्त्यावर, दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, की पाणी बाजूला न जाता सरळ ओढ्याला आणि ओढ्यातून घळीला मिळावे. पट्टीच्या आतल्या बाजूस, पायवाटेच्या कडेने जी झाडे लावीत, तीही मातीच्या उंचवट्यावर. म्हणजे पावसाने झाडाच्या बुडाशी थांबू नये, आणि मग त्याच झाडाला नळाचे पाणी द्यावे! आपल्याकडील कुणबी रोपाभोवती पहिले काम करतो ते आळे करण्याचे. येथे नेमके आळे उलटे करून ठेवले होते.

जुलै महिन्यात ढग फुटला म्हणजे तासाभरात ह्या रस्त्यांच्या नद्या होतात. मोटारी वाहून जातात. हट्टाने पुढे जाणारे इतके निघत की, १९९५ साली ॲरिझोनाने एक कायदा करून ठेवला: अडसर लावलेल्या पाण्यात जो आपली गाडी घालील, त्याने आपल्या सुटकेचा खर्च आपणच द्यावा. लोकांनी त्याचे नाव ‘मूर्ख मोटारवाल्यांचा कायदा’ असे पाडले. १९८३ च्या ऑक्टोबरात तर एका समुद्री वादळाचे उरलेले ढग येथवर आले, सांताक्रूझ आणि रिल्लितो ह्या नद्यांनी काठ खाल्ले, पूल आणि घरे गेली. त्यावर उपाय म्हणून काठ सिमेंट-मातीच्या मिश्रणाने बांधून काढण्यात आले. म्हणजे पाणी आणखी वेगाने बाहेर.

एकीकडे शहर पावसाला असे हाकलून देत होते आणि दुसरीकडे पाण्याच्या शोधात कोठवर गेले होते, तेही सांगितले पाहिजे. १९७६ साली भूजलाची चणचण पाहून नव्या नगरसभासदांनी पाण्याचे दर वाढविले, उंचावरच्या बंगल्यांना पाणी चढविण्याचा खर्च वेगळा आकारला. उन्हाळ्याची बिले हाती पडताच गाव खवळले आणि १९७७ च्या आरंभी मतदारांनी त्या सभासदांना मुदतीआधीच घरी बसविले. गंमत अशी की, त्यांच्या जागी आलेल्यांनीही दर खाली आणले नाहीत. हिशेब कोणी केला तरी उत्तर तेच येत होते. पण त्या मतदानाची दहशत टूसॉनच्या नगरकारभारात पुष्कळ वर्षे राहिली. त्याच वर्षी नगराने ‘दुपारचे पाणी वाचवा’ अशी मोहीम काढली आणि तिच्यासाठी एक बदक नेमले. लोकांना ते बदक मात्र आवडले.

१९८० साली संस्थानाने भूजलाचा कायदा केला. जमिनीत मुरते त्याहून अधिक उपसावयाचे नाही ही मजल टूसॉनच्या भागाने २०२५ पर्यंत गाठावी, असे त्यात ठरले. हे साधावे कसे, तर कोलोरॅडो नदीचे पाणी आणून. त्या कालव्याला मध्यवर्ती सरकारची मंजुरी १९६८ सालीच मिळाली होती. कालवा सुमारे ५४० किलोमीटर लांबीचा, आणि वाटेत पाणी जवळजवळ नऊशे मीटर वर उचलावे लागते. त्यासाठी लागणारी बरीचशी वीज कोळसा जाळून केली जाई. ते वीजकेंद्र २०१९ साली बंद झाले. १९९२ च्या नोव्हेंबरात हे पाणी टूसॉनच्या नळांना आले, आणि कित्येक घरांत ते तपकिरी आले. जुन्या लोखंडी नळांना विहिरीच्या पाण्याची सवय. नदीच्या पाण्याचा गुण निराळा. आतला गंज सुटला. कपडे डागळले, नळ फुटले. १९९४ साली हे पाणी बंद करावे लागले, आणि १९९५ साली लोकांनी मतदानाने ते थेट नळाला देण्यावर कडक निर्बंध घातले. शेवटी तोडगा निघाला तो असा: शहराच्या पश्चिमेस ॲव्हरा खोऱ्यात मोठमोठी तळी करून कालव्याचे पाणी त्यांत सोडावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि खालच्या पाण्यात मिसळल्यावर पुन्हा उपसावयाचे. २००१ पासून हे मिश्र पाणी शहराला मिळू लागले. इतक्या खटाटोपाने शहर जे शिकले, ते ओढ्याच्या मुखाशी पेरणारा ओओधाम शेतकरी जाणत होताच. पाणी ठेवण्याची जागा जमिनीत आहे.

आता एक हिशेब पाहू. दहा मीटर रुंदीचा आणि एक किलोमीटर लांबीचा रस्ता घ्या. त्यावर वर्षाला २८ सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे २८ लाख लिटर पाणी झाले. ते सगळे हाती लागणार नाही, काही उडून जाईल. तरी उरेल तेही कमी नाही. हा हिशेब सरकारी कचेरीत कोणी मांडला नव्हता असे नाही, परंतु त्यावर कुऱ्हाड, किंबहुना करवत, चालविली ती एका सामान्य रहिवाशाने.

शहराच्या मध्याजवळ डनबार-स्प्रिंग नावाची पेठ आहे. नावाचा पहिला भाग निग्रो मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेवरून आलेला आहे. १९५१ साली हा भेद कायद्याने संपला आणि शाळेला जॉन स्प्रिंग ह्या जुन्या शिक्षकाचे नाव देण्यात आले. पेठ गरीब, रस्ते रुंद आणि उघडे, सावलीचे नाव नाही. येथे १९९४ च्या सुमारास ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांचे बंधू यांनी घर घेतले. लँकेस्टर १९९५ साली आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये झेफानिया फिरी ह्या शेतकऱ्यास भेटून आले होते. गोऱ्या राजवटीत रेल्वेच्या नोकरीतून राजकारणासाठी काढलेला हा माणूस. पदरी एक उताराचे खडकाळ रान. त्यावर पडणारा प्रत्येक थेंब बांध, खड्डे आणि तळी करून त्याने जिरविला आणि रान हिरवे केले. त्याचे सांगणे इतकेच होते की, झाड लावण्यापूर्वी पाणी पेरा. हे ऐकून आपल्याकडील कोणाही जाणत्या शेतकऱ्याला फारसे नवल वाटणार नाही. परंतु अमेरिकेतील शहरी माणसाला ते आफ्रिकेतून आणावे लागले, आणि आणणाऱ्याने कोणाकडून आणले हे आयुष्यभर मोकळेपणाने सांगितले, हे आम्हांस विशेष वाटते.

१९९६ पासून पेठेतील लोकांनी मिळून रस्त्याच्या कडेने झाडे लावण्यास सुरुवात केली. झाडे तेथलीच: मेस्किट, पालो व्हर्दे, आयर्नवूड. मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळावर माजणाऱ्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणली गेली, आणि आपण तिला शिव्या देतो. टूसॉनला मात्र मेस्किटच्या गोड शेंगा दळून त्यांचे पीठ करतात. पेठेपेठेतून फिरणाऱ्या गिरणीपाशी लोक शेंगांच्या बादल्या घेऊन रांगा लावतात. झाड ज्याच्या त्याच्या मातीत शोभते, दुसरे काय!

झाडे लागली, आळीही केली, पण पाणी पट्टीच्या पलीकडून, रस्त्यावरून, वाहून जातच होते. २००४ साली एका रविवारी, खात्याचा माणूस फिरकणार नाही अशी वेळ पाहून, लँकेस्टर बंधूंनी काँक्रीट कापण्याच्या करवतीने आपल्या घरापुढील पट्टीला एक खाच पाडली. ही सरकारी मालमत्तेची मोडतोड होती. पुढचा पाऊस पडला तेव्हा रस्त्यावरचे पाणी खाचेतून आत वळले, आळे भरले, आणि भरल्यावर उरलेले पाणी आपल्या वाटेने पुढे गेले. येवढाच तो सारा प्रयोग.

कोणत्याही नगराच्या बांधकाम खात्यात अशा खाचेला जे आक्षेप निघतील ते सारे खोटे असतात असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्याच्या पायाशी ओल धरली तर डांबर खचते. जमिनीखाली नळ, तारा असतात. पाणी साचून राहिले तर डास होतात. रस्त्यावरच्या तेलाचा आणि घाणीचा प्रश्न आहेच. टूसॉनची जमीन तर काही ठिकाणी सिमेंटासारख्या कठीण चुनखडी थराची. पाणी मुरेल कसे? ह्या प्रश्नांची उत्तरे भाषणांनी द्यावयाची नव्हती. आळे किती खोल, पट्टीपासून किती अंतरावर, पाणी एका दिवसात मुरून गेले पाहिजे, म्हणजे डासाच्या अंड्याला सवड मिळणार नाही. बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन, म्हणजे त्यातील सूक्ष्म जीव तेलाचा बराचसा निकाल लावतील. खाचेच्या तोंडाशी दगड बसविलेला, म्हणजे पाणी माती पोखरणार नाही. शेवटचा हा दगड पाहून सॅम ह्यूजच्या चराची आठवण होते. त्याच्या चराच्या वरच्या टोकाला असे दगड नीट बसविलेले असते, तर नदीचे काय झाले असते कोण जाणे. दोघांनीही एकच कृती केली: काठ कापून पाण्याला आत बोलावले. एकाने ती नदीच्या पात्रात, सगळ्या पाणलोटाच्या पाण्यापुढे केली. दुसऱ्याने रस्त्याच्या अगदी माथ्याशी, जेथे पाणी अजून बादलीभर असते तेथे. धोरणाचे सारे मर्म आम्हांस ह्या जागेच्या निवडीत दिसते.

खटपट करता करता २००७ साली नगराने अशा खाचांना परवानगी देण्याची रीतसर सोय केली. दुसऱ्याच वर्षी, २००८ च्या ऑक्टोबरात, नगरसभेने त्याहून मोठे पाऊल टाकले. नव्या व्यापारी इमारतींच्या आवारातील झाडांना जे पाणी लागेल त्यातले निम्मे पावसाचे असले पाहिजे, असा नियम केला. तो जून २०१० पासून अमलात आला. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला नगर-कायदा. २०१२ पासून घरोघर पाऊस साठविणाऱ्यांना दोन हजार डॉलरपर्यंत परतावा मिळू लागला. आणि २०१३ साली नगराच्या रस्ते खात्याने ‘हरित रस्त्यांची’ नियमावली काढली: रस्ता नवा होवो की जुना नव्याने बांधला जावो, त्यावर पडणाऱ्या पहिल्या अर्ध्या इंच पावसाचे पाणी कडेच्या आळ्यांत सामावले पाहिजे आणि त्यावर सावली देणारी देशी झाडे वाढली पाहिजेत.

अर्धा इंच म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु वाळवंटातल्या बऱ्याचशा सरी अर्ध्या इंचाच्या आतल्याच असतात. म्हणजे वर्षातल्या बहुतेक पावसाचे पाणी जेथल्या तेथे मुरते. मोठ्या ढगफुटीला हे आळे पुरणार नाही, आणि पुरेल असे कोणी शहाण्याने सांगितलेलेही नाही.

आमचा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. परतावा म्हणजे आधी खिशातून खर्च करा, मग सरकार देईल. ज्याच्या खिशात आधीच आहे त्याला हे सोपे. टूसॉनच्या दक्षिण भागात मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांची वस्ती आहे; झाडे विरळ, उन्हाळ्याचा पारा इतर पेठांहून चढा, आणि बसची वाट पाहणारा माणूस चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्यावर उभा. पाण्याच्या बिलातून सर्वांनी पैसे भरावेत आणि सावली मात्र सधन पेठांत वाढावी, हे न्यायाचे नव्हते. ही टीका तेथेही झाली, आणि तिचा परिणाम म्हणून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी निराळी मदत आली.

२०१९ साली रेजिना रोमेरो नगराध्यक्षा झाल्या. ह्या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. २०३० पर्यंत दहा लाख झाडे लावण्याचा संकल्प त्यांनी जाहीर केला, आणि २०२० साली नगरसभेने पावसाच्या पाण्यासाठी एक स्वतंत्र पट्टी बसविली: दर शंभर घनफूट पाण्याच्या वापरामागे १३ सेंट. साधारण घराला महिन्याकाठी एक डॉलरच्या आसपास. त्यातून वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर उभे राहतात. ‘वादळापासून सावली’ अशा अर्थाचे नाव त्या योजनेला दिले आहे, आणि काम कोठे करावयाचे हे ठरविताना उष्णता अधिक, झाडे कमी आणि वस्ती गरीब असे भाग पाहिले जातात. ह्या तेरा सेंटांत १९७७ चे भय आम्हांस स्पष्ट दिसते. इतकी लहान रक्कम की कोणी खवळू नये. पण तिचे माप चुकीच्या जागी धरलेले आहे असे आमचे मत आहे. रस्त्यावर सर्वांत अधिक पाणी लोटते ते मोटारी उभ्या करण्याच्या अफाट फरसबंद आवारांतून. अशा आवारात नळ एखादाच असतो. पट्टी फरसबंदीवर बसवावयास हवी होती. ती बसली नळावर, कारण नळाला मापक आधीच होता आणि बिल दर महिन्याला जातच होते. सोय ही धोरणाची फार मोठी कर्ती असते.

योजना सुरू झाली आणि निसर्गाने तिची परीक्षा लगेच घेतली. २०२० साली सबंध वर्षात मिळून साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला. नोंदी ठेवू लागल्यापासूनचे ते सर्वांत कोरडे वर्ष. पुढच्या वर्षीच्या एकट्या जुलैत २० सेंटिमीटरांहून अधिक झाला. नोंदीतला तो सर्वांत ओला महिना. आदल्या वर्षी आळी कोरडी पडून होती, आणि ह्या वर्षी ती तुडुंब भरून वाहिली. त्याच २०२१ च्या ऑगस्टात मध्यवर्ती सरकारने कोलोरॅडो नदीवर प्रथमच पाण्याची टंचाई रीतसर जाहीर केली, आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या कालव्यात कपात आली. नदी दूरची, तिच्यावर हक्क सांगणारी संस्थाने सात आणि शिवाय मेक्सिको. रस्त्यावरच्या पाण्यावर मात्र दुसऱ्या कोणाचा दावा नाही.

तरी ह्या पाण्याने शहराची तहान भागणार नाही, हे सांगितले पाहिजे. ते झाडांना मिळेल, सावली पडेल, झाडांना घातले जाणारे नळाचे पाणी वाचेल, आणि रस्त्यावरचा लोट थोडा उतरेल. सांताक्रूझच्या पात्रात २०१९ पासून गावाजवळ शुद्ध केलेले सांडपाणी सोडून काही अंतर वाहते ठेवले आहे. लोक काठाला फिरावयास येतात. तेवढ्यावरून जुनी नदी परत आली असे म्हणता येणार नाही.

राहता राहिला गाळ. खाचेतून पाणी आत येते तेव्हा त्याबरोबर माती, वाळू आणि रस्त्यावरचा कचराही येतो. दोन-चार पावसाळ्यांत तोंड बुजते, आळे भरून सपाट होते, आणि पाणी पूर्वीसारखे रस्त्यावरून निघून जाते. कागदावर तो रस्ता हरितच राहतो. डनबार-स्प्रिंगमध्ये शेजारीपाजारी फावडी घेऊन हा गाळ काढीत, आणि निघालेली माती झाडांखाली टाकीत; स्पॅनिश पाटावर माणूस देण्याचा जो दंडक होता, त्याचेच हे रूप. दक्षिण भागातील भाडेकरूने, दोन पाळ्यांत काम करून घरी आल्यावर, सरकारच्या रस्त्यावरचे आळे उपसावे असे मात्र त्याला कोणी सांगू शकत नाही. म्हणून तेरा सेंटांच्या निधीतून नुसती नवी आळी खणली जात नाहीत, जुन्यांची देखभालही केली जाते, आणि ह्या दोहोंची वाटणी कशी करावी हा प्रश्न दर अंदाजपत्रकाला उभा राहतो. नवे आळे दाखविता येते, त्याचे छायाचित्र निघते. उपसलेला गाळ कोणाला दाखविणार? खाचांची तोंडे मोकळी करावयाची ती मे-जूनच्या कोरड्या उन्हात, संत योहानाच्या सणापूर्वी. त्या सुमारास टूसॉनला कोणी गेले तर त्याने नव्या रस्त्यांबरोबर सहा-सात वर्षांपूर्वीच्या एखाद्या रस्त्याची खाच वाकून पाहावी.